सायलस क्रॅबचं अर्धं वाक्य

बसा हो बाई, बसा — ही खुर्ची कुणाची नाही, सकाळपासून रिकामीच आहे. माझ्यापुढं कुठली आलीय सह्यांची रांग! रांग तिकडं, त्याच्यापुढं, पार त्या पाण्याच्या टाकीपर्यंत. तुमची बहीण धरतेय ना जागा? मग झालं. सोडा तो बूट, मोकळा करा पाय, ॲरिझोनाच्या उन्हात नवे बूट घालून कुणी जत्रेला येतं का? घ्या, लिंबू सरबत घ्या, मी उष्टं केलेलं नाही. आणि ते काय हातात — अरे वा, डबा! टीव्हीवरच्या पाद्री टॉलिव्हरचा डबा! शाळेत न्यायचात? आणि अजून जपून ठेवलाय? द्या बघू जरा... हा बघा पाद्री झालेला एमेट लॉरिंग, एका हातात बायबल, एका हातात पिस्तूल, दात बघा कसे चमकतायत — आणि त्याच्या मागं, इथं, झाकणाच्या कोपऱ्यात, एक माणूस उताणा पडलाय, दिसतोय? पाय तेवढे दिसतायत. ते पाय माझे. हो, खरंच माझे, व्हर्लिन स्ट्राऊडचे, हे काय समोर पाटी लावलीय. नाही वाचलीत? कुणीच वाचत नाही, चालायचंच.

मी काय करायचो म्हणता? मरायचो. हाच धंदा. ह्या आठवड्यात बँक लुटताना मेलो की पुढच्या आठवड्यात मिशी लावून घोडेचोर म्हणून हजर, त्याच्या पुढच्या आठवड्यात दाढी लावून जुगारी — आणि सबंध देश टीव्हीपुढं बसून बघतोय, पण एका माणसाला कधी वाटलं नाही की अरे, हा मेलेला इसम गेल्या मंगळवारीही असाच मेला होता! तुम्हालाही नाही वाटलं ना? हसू नका. आणि मजा सांगू? एमेटचा हात फार मंद हो. पिस्तूल पट्ट्यात अडकायचं, कधी सदऱ्यात अडकायचं. मी त्याच्या कितीतरी आधी काढू शकायचो — पण काढायचं नाही, थांबायचं, बोटं नुसती थरथरवायची, डोळे बारीक करायचे, साहेबांचं पिस्तूल एकदाचं बाहेर येईस्तोवर उन्हात घाम गाळत उभं राहायचं, आणि ठो झालं की पडायचं. डावीकडं. मी नेहमी डावीकडं पडतो, उजवा खांदा घोड्यानं मोडलेला आहे.

आणि हे पडणं जे आहे ना, बाई, ते अंगात मुरतं. तुम्ही हसाल, पण आवाज झाला की मी पडतोच. मी नाही पडत, अंग पडतं, मला नंतर कळतं. बहिणीच्या लग्नात सोड्याच्या बाटलीचं बूच उडालं, मी केकसकट खाली. बायको — होती तेव्हाची — म्हणाली, आज तरी नाही मरायचं, व्हर्लिन, फोटो काढायचेत! आणि आमच्या गावच्या चर्चमध्ये, ओक्लाहोमात, आईबरोबर गेलो होतो, तर पाद्र्यानं आवेशात येऊन भजनाचं जाडजूड पुस्तक धाडकन आपटलं — झालं, मी बाकांच्या मधे आडवा. आणि तिथं काय, आमचं चर्च म्हणजे देवाचा पवित्र आत्मा अंगात येऊन लोक पडतात असलं चर्च. एकच गलका झाला! बायका रडतायत, हात वर करतायत, कुणी माझ्या कपाळाला तेल लावतंय, आणि आई — माझी आई ऑपल, कापसाच्या गिरणीत आयुष्य गेलं तिचं — ती छाती पुढं काढून सगळ्यांना सांगतेय, माझा व्हर्लिन! माझ्या व्हर्लिनवर उतरला! आता अशा वेळी उठून कुठल्या तोंडानं सांगणार की बाई गं, मला वाटलं गोळी लागली? पडून राहिलो. चांगला बराच वेळ पडून राहिलो.

इकडं सरका जरा. सांगतो एक, पण तुमच्या बहिणीला नका सांगू. आज दुपारी तो खेळ आहे ना, त्या खोट्या गल्लीत, दारूच्या गुत्त्यापुढं — पाद्री टॉलिव्हर विरुद्ध सायलस क्रॅब, शेवटचा सामना, पुन्हा एकवार? त्यात मी पडणार नाहीये. हां! तो बार काढेल, मी उभा. पुन्हा काढेल, मी उभा. सगळी कॉपर फ्लॅटची जत्रा बघतेय, कॅमेरे लागलेत, आणि मी टोपी काढून असा ऐटीत उभा. कशी जिरेल! ह्या एका गोष्टीसाठी आलोय मी इथवर, नाहीतर हे गुडघे घेऊन कोण एवढा प्रवास करतं? वर्षानुवर्षं बिछान्यात पडल्या पडल्या ह्याचीच तालीम केलीय, बाई. सूड म्हणा हवं तर. म्हणाच, मला काही लाज नाही.

का म्हणजे? शेवटचा भाग बघितलात ना तुम्ही? सगळ्यांनीच बघितला. पहिल्याच भागात सायलस क्रॅब पाद्र्याच्या बायकोला मारतो — तो मी, मिशीबिशी काही नाही, उघडा चेहरा — आणि मग पाद्री बायबल नि पिस्तूल घेऊन त्याच्या शोधात गावोगाव हिंडतो. दर आठवड्याला तोच प्रश्न, सापडला तर मारायचं की माफ करायचं, सूड की देव? आणि शेवटच्या भागात क्रॅब सापडतो. नाही, सापडत नाही — आपण होऊन येतो. लिहिणारा शहाणा होता हो! त्यानं लिहिलं होतं, क्रॅब येतो, पाद्र्यापुढं गुडघे टेकतो, आणि बोलतो. मी! मी बोलतो! इतकी वर्षं आमचं बोलणं म्हणजे ‘आँ’ नि ‘ऊं’ नि फार तर ‘मेलो’, आणि आता कागद भरून बोलायचं होतं, रडायचं होतं, आणि पाद्री पिस्तूल टाकून देतो नि क्रॅबच्या डोक्यावर हात ठेवतो, असा शेवट. मी ते बोलणं आंघोळ करताना म्हणायचो, घोड्याला खरारा करताना म्हणायचो, घोड्याला पाठ झालं असेल. आणि आईला फोन केला. कारण चर्चमधल्या बायका तिला टोमणे मारायच्या हो — ऑपल, तुझ्या पोरानं काल पुन्हा गाडी लुटली म्हणे, ऑपल, तुझ्या पोरानं पाद्र्याची बायको मारली ती मारलीच. तिला म्हणलं, आई, आता बोलव सगळ्यांना. तुझा व्हर्लिन सगळ्या अमेरिकेपुढं पश्चात्ताप करणार आहे.

तर तो दिवस. गुडघे टेकले, कॅमेरा सुरू, मी बोलायला लागलो, आणि खरं सांगतो, इतका रंगलो की डोळ्यांतून पाणी आपोआप यायला लागलं, कांदा लावावा लागला नाही — आणि बोलता बोलता त्या वाक्यावर आलो, सगळ्यात महत्त्वाच्या. पाद्र्याची बायको मरताना क्रॅबजवळ निरोप देते, तो निरोप क्रॅब पाद्र्याला सांगतो, त्यावर तर सगळं! मी म्हणलं, ‘पाद्रीबाबा, ती जाताना तुमचंच नाव घेत होती, आणि म्हणाली —’ आणि ठो! एमेटनं बार काढला. कागदावर नव्हता, कुणाला सांगितलं नव्हतं, मनात आलं नि काढला. आणि मी काय केलं? पडलो! डावीकडं! वाक्य तोंडात तसंच! अहो, नुसता गुडघ्यांवर राहिलो असतो, नुसतं म्हणलं असतं, अरे एमेट, हे काय — तर सगळं चित्रण वाया गेलं असतं, परत घ्यावं लागलं असतं, कागदाप्रमाणं. पण ह्या अंगानं दगा दिला. इतकं झकास पडलो, बाई, की डायरेक्टर टाळ्या वाजवत आला. आणि एमेट म्हणतो कसा, माझ्या हातात हात देऊन मला उठवताना — लोकांना माफी नको असते रे व्हर्लिन, गोळी हवी असते. आणि त्याचंच खरं झालं, हेच दुखतं. तेच दाखवलं, तेच गाजलं, तुमच्या डब्यावर तेच आलं.

आई? आईनं सगळं चर्च घरात बसवलं होतं, खुर्च्या शेजारून आणल्या होत्या. सगळ्यांनी बघितलं, पोरगं गुडघे टेकतंय, रडतंय, आता म्हणेल, आता म्हणेल — आणि ठो. मी फोन केला, वाटलं रडत असेल. पण ती खमकी! म्हणाली, त्या बायकांना मी सांगितलंय, माझ्या पोराच्या डोळ्यांत पश्चात्ताप दिसला, मला दिसला, ज्यांना नाही दिसला त्यांनी चष्मे बदलावेत. मग म्हणाली, पण काय रे, ती काय म्हणाली? जाताना ती बिचारी काय म्हणाली? मी सांगायला लागलो तर मलाच गप्प केलं — मला कशाला सांगतोस? तो पाद्री तिकडं ताटकळत असेल. दुसऱ्याचा निरोप आहे तो, आपल्याजवळ ठेवून घ्यायचा नसतो, जा, त्याला सांग. आता तिला काय समजावणार की आई, पाद्री असा कुणी नाहीच, तो एमेट आहे, तो आत्ता तळ्याकाठी पार्टीत मासे भाजतोय? तिचा असा विश्वास होता, टीव्हीवर नि देवावर सारखाच. मरेपर्यंत विचारत राहिली, सांगितलंस का रे त्याला? तुम्हाला पण हवंय ना ऐकायला? नाही सांगणार. इतक्या जणांनी विचारलं, कुणालाच सांगितलं ना —

...

हात द्या जरा. द्या हो. हळू... हां. काही नाही झालं, काही नाही, खेळासाठी खोटी काडतुसं तपासतायत तिकडं गल्लीत, ठाऊक होतं मला, चांगलं ठाऊक होतं! बघितलंत? बघितलंत कसं ते? डावीकडं. तुमच्यावर सरबत सांडलं का? माफ करा, हा घ्या रुमाल. डबा ठीक आहे ना? झाकणाला थोडा पोचा — नाही, तो जुनाच आहे म्हणता, बरं. ते लोक बघतायत का? टाळ्या वाजवतायत? वाजवू दे, नमस्कार करतो... बसतो जरा. आता कळलं ना माझी पंचाईत? मनानं कितीही ठरवलं उभं राहायचं, तरी ठो झालं की हे शरीर कुणाचं ऐकतंय?

आणि दुसरी एक भानगड झालीय, म्हणजे सकाळीच झालीय. सांगायची नव्हती. पण तुम्ही हात दिलात, आता काय. सकाळी हॉटेलात नाश्त्याला बसलो होतो, गरम मऊ बिस्किटं नि ग्रेव्ही, एकटाच, एकदम खुशीत — म्हणलं, आज दुपारी ह्याची जिरवायची — तर एमेट आला. त्याची मुलगी कोरा त्याला हाताला धरून घेऊन येत होती. तिनं मला बघितलं, ओळखलं, हसली, आणि त्यानं मला बघितलं आणि जागेवर थांबला. चेहरा पांढराफटक. इतकी वर्षं मी ह्या क्षणाची वाट बघत होतो की हा मला बघून दचकेल, आणि दचकला तर मलाच कसंतरी झालं. माझ्यासमोर बसला. म्हणाला, क्रॅब. मी म्हणलं, व्हर्लिन रे, व्हर्लिन स्ट्राऊड. तो म्हणाला, क्रॅब, तू गुडघे टेकले होतेस नि मी तुला गोळी घातली. मी पाद्री आहे रे. गुडघे टेकलेल्या माणसाला मी मारलं. आणि हात असे, असे थरथरतायत, बाई, खरे थरथरतायत, आम्ही थरथरवायचो तसे नाही. हो, डोकं गेलंय त्याचं. कोरा म्हणाली, नाव विसरलेत, घर विसरलेत, पाद्री तेवढा उरलाय. रांगेत जी तुमची बहीण उभी आहे ना, तिला सही मिळेल ती टॉलिव्हर अशीच मिळेल, लॉरिंग अशी आता त्याला येत नाही.

थांबा, अजून संपलं नाही. माझा हात धरला त्यानं, घट्ट धरला, म्हणाला, तू काहीतरी सांगत होतास. ती जाताना काय म्हणाली? मी तुला बोलू दिलं नाही. ती काय म्हणाली, क्रॅब? आणि... मी उठलो. बिस्किट तसंच टाकलं, टोपी घेतली, निघालो. का नाही सांगितलं? अहो, मला तरी काय माहीत! ओठांवर आलं होतं. पण म्हणलं, आता रे? मला वाक्य पुरं करू दिलं नाहीस तेव्हा, माझ्या आईच्या चर्चपुढं तोंडघशी पाडलंस, आणि आता भूक लागली तर वाढा? बस ताटकळत. तर कोरा मागं धावत आली बाहेर. तिची आई गेली गेल्या वर्षी, लुईझ, फार गोड बाई होती, आम्हा पडणाऱ्यांना बर्फाच्या पिशव्या आणून द्यायची — ती दवाखान्यात वारली तेव्हा एमेट घरी झोपला होता, ह्याला उठवलंच नाही कुणी. तेव्हापासून विचारतोय. कोरा म्हणाली, मी रोज काहीतरी रचून सांगते, मिस्टर स्ट्राऊड, आई असं म्हणाली, तसं म्हणाली, पण ते ऐकत नाहीत, म्हणतात तू तिथं नव्हतीस. क्रॅब होता. क्रॅबला विचार.

आता मला सांगा, हा काय चावटपणा आहे? हो, रागच येतोय मला, हसू नका! इतक्या वर्षांचा सूड माझा, तूप घालून पोसलेला, आज दुपारी उभा राहायचं एवढंच होतं — आणि ह्या माणसानं तोही पळवला! कारण मी उभा राहिलो तर काय होईल? तो म्हणेल, अरे, क्रॅब जिवंत आहे, मी मारलंच नाही त्याला. उद्धार होईल त्याचा! माझ्या सूडानं त्याचा उद्धार! आणि खरोखरचा सूड घ्यायचाच तर आता काय करायला पाहिजे? पडायला पाहिजे. नेहमीसारखं, झकास, डावीकडं, टाळ्या घेत. सगळे खूश, जत्रावाले खूश, कुणाला काही कळणार नाही, नि तो पुन्हा एकदा त्याच क्रॅबला मारून घरी जाईल आणि छताकडं बघत पडेल. सोपं आहे किती. मला काहीच करायला नको, अंग आपोआप करेल.

नाही, तुम्ही काही बोलू नका. तुमचा चेहरा आईसारखा झालाय, आईही अशीच बघायची.

बरं, उठा. उठा, जरा मदत करा. बूट राहू दे. तिथं उभ्या राहा, त्या खांबाजवळ, तुम्ही पाद्री. डबा छातीशी धरा, बायबल समजा. मी हा असा इथं. गुडघे टेकत नाही, टेकले तर उठवायला घोडा जुंपावा लागेल, आजच्या खेळातही मी उभाच आहे. खेळात मी बोलायचं नाही असं ठरलंय, नुसतं बघायचं नि मरायचं, पण मी बोलणार. तुम्हाला बघायचंय ना आठवतंय का मला? घोड्याला आठवत असेल तर मला नाही आठवणार? हां. — ‘पाद्रीबाबा, मी माफी मागायला आलो नाही, माझी ती लायकी नाही. मी चुकलो एवढंच सांगायला आलो. आणि दुसऱ्याचा एक निरोप माझ्याजवळ राहिलाय तो द्यायला. पाद्रीबाबा, ती जाताना तुमचंच नाव घेत होती, आणि म्हणाली —’

...

— ‘आणि म्हणाली, त्यांना सांग, मी रागावून गेले नाही. त्यांनीही रागात राहू नये. चुलीवर जेवण झाकून ठेवलंय, जेवून घ्यायला सांग.’

...

बाई. आवाज झाला ना आत्ता? बार काढला ना त्यांनी गल्लीत? झाला ना? मलाही ऐकू आला. मोठा होता. बघा माझ्याकडं, नीट बघा, सांगा — मी उभा आहे ना?

आहे ना? मग रडता काय, वेड्या की काय! पुसा डोळे, सरबताच्याच रुमालानं पुसा. बूट घाला तो. आणि जा तुमच्या बहिणीकडं, पण रांगेत थांबू नका, रांग मोडणार आहे आता, मी आत्ताच चाललोय त्याच्याकडं. दुपारपर्यंत कशाला ताटकळत ठेवायचं माणसाला? जा, जा आता.